तुम्ही विचारलंत म्हणून: गोदावरीच्या वाळूत सोनं का नाही?

“रामकुंडाच्या गाळात सोन्याचे कण सापडतात, मग वर सोमेश्वरला वाळू धुतली तर का सापडू नयेत? कॅलिफोर्नियात तर नदीतच सोनं सापडलं होतं.” नाशिकमध्ये दगड-खनिजांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न चांगला आहे, म्हणून उत्तरही सविस्तर द्यायला हवं.

रामकुंडातलं सोनं नदीनं आणलेलं नाही, ते माणसांकडून पाण्यात गेलेलं आहे. अंत्यविधीत मुखात ठेवलेला मणी राखेबरोबर विसर्जित होतो, स्नानाच्या गर्दीत कानातलं निसटतं. असा कण भिंगाखाली पाहिला तर तारेचा गोलवा किंवा सांधा जोडल्याची खूण दिसते, आणि दागिन्याच्या सोन्यात बहुधा तांबं मिसळलेलं असतं. खडकातून सुटून आलेल्या सोन्यात मिसळ असते ती मुख्यतः चांदीची, आणि गोट्यांमध्ये ठेचला जाऊन तो कण चपटा झालेला असतो.

नदी सोनं तयार करत नाही, ती फक्त निवडते. पाण्याची घनता 1 धरली तर सोन्याची 19.3, गारगोटीच्या वाळूची 2.65. पाण्यात दोघांचं वजन घटतं, त्यामुळे प्रत्यक्ष फरक 18.3 आणि 1.65 असा, म्हणजे अकरा पटींचा होतो. प्रवाह जरा मंदावला की सोनं खाली बसतं आणि वाळू पुढे जाते. वळणाची आतली बाजू, मोठ्या धोंड्यामागची जागा, तळखडकातल्या भेगा ही सगळी सोनं अडकण्याची ठिकाणं. त्या हिशोबानं सोमेश्वरच्या धबधब्यापाशी नदीनं कोरलेला खडक उत्तम सापळा ठरला असता. पण सापळ्यात पडायला मुळात वरून सोनं यावं लागतं.

ते इथे येत नाही. ब्रह्मगिरीपासून गोदावरी चालते ती साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवरून. मराठवाडा ओलांडेपर्यंत तिच्या खाली जवळजवळ सगळा हाच काळा पाषाण आहे. या खडकात सोनं अगदीच नसतं असं नाही. टनाला चार मिलिग्रॅम धरले तरी दहा ग्रॅमसाठी अडीच हजार टन दगड दळावा लागेल. शिवाय ते इतकं विखुरलेलं असतं की झिजून मोकळं झालं तरी त्याचे कण बनत नाहीत. सोनं एकवटायला जुने, दाबले गेलेले खडक हवेत, त्यांत भेगा हव्यात आणि त्या भेगांतून गरम पाण्यानं आणलेली गारगोटीची शिर हवी. कर्नाटकातल्या कोलारला ते घडलं. महाराष्ट्रात असे जुने खडक उघडे आहेत ते मुख्यतः पूर्वेला, नागपूर-भंडाऱ्याकडे. परसोडी आणि किटारीची नावं सोन्याच्या संदर्भात येतात ती त्यामुळेच. वैनगंगेच्या खोऱ्यातले सोनझारा लोक पिढ्यान्‌पिढ्या वाळू धुऊन सोनं काढत आले, तेही त्या खडकांच्या जोरावर. आपल्या वाट्याला सिन्नर आणि पांडवलेणी परिसरातले झिओलाइटचे स्फटिक आले, आणि सौंदर्यात ते कशालाही हार जाणार नाहीत.

तरी स्वतः तपासायचं असेल तर जरूर तपासा, पण गंगापूर धरणातून विसर्ग नाही याची खात्री करूनच पात्रात उतरा. साधारण पस्तीस सेंटिमीटरची उतरत्या काठाची परात घ्या. स्वयंपाकातली घेतली तर आधी साबणानं नीट घासा. तेलकट परातीत बारीक पत्रीसारखं सोनं पाण्यावर तरंगून निघून जातं, आणि नवशिक्यांचं नुकसान सर्वात जास्त इथेच होतं. वरची कोरडी वाळू उपयोगाची नाही, खडकाला टेकलेली तळाची घ्या. परात दोन तृतीयांश भरा, पाण्याखाली धरून मातीची ढेकळं बोटांनी पूर्ण फोडा. न फुटलेलं ढेकूळ सोनं पोटात घेऊन बाहेर पडतं. गोटे धुऊन काढून टाका. आता परात आडवी, सपाट धरून जोरानं हलवा, म्हणजे जड ते तळाला जाईल. मग कुठे ती किंचित कलती करून वरची वाळू पाण्याबरोबर सोडा. हलवण्याआधी कलती केली तर सगळंच वाहून जाईल. शेवटी चमचाभर काळी वाळू उरते. ती वाळवा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत चुंबक घालून वरून फिरवा, लोहखनिज निघून जाईल. राहिलेल्यात काही चमकलं तर सावलीत न्या. सोनं सावलीतही पिवळंच दिसतं, अभ्रक विझतो. सुईनं दाबा. सोनं वाकतं, पायराइटचा, म्हणजे सोन्यासारख्या दिसणाऱ्या लोह-गंधकाच्या खनिजाचा, चुरा होतो. गोदावरीत तुम्हाला भरपूर काळी वाळू मिळेल, आणि तिथेच थांबावं लागेल.

आता कॅलिफोर्निया. तिथल्या नेवाडा काउंटीत मॅलाकॉफ डिगिन्स नावाची बंद पडलेली खाण आहे. तिचं सोनं आजच्या नदीतलं नव्हे, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या एका नदीचं होतं. त्या नदीचे गोटे पुढे ज्वालामुखीच्या राखेखाली आणि लाव्हाखाली गाडले गेले. मग पर्वत उचलला गेला, नव्या नद्यांनी दुसरीकडून खोल दऱ्या कापल्या आणि जुनं पात्र डोंगराच्या माथ्यावर राहिलं. नदी वर आणि दरी खाली, हे तिथे खरोखर घडलेलं आहे. सोनं भरपूर होतं ते तळच्या घट्ट, निळसर गोट्यांत, वरच्या जाड थरात फारच थोडं. त्यामुळे अख्खा डोंगर सोलल्याशिवाय खाण परवडत नव्हती.

त्यासाठी 1853 पासून पाण्याचा मारा सुरू झाला. उंचावरच्या तलावांतून कालव्यांनी पाणी आणायचं, लोखंडी नळातून खाली सोडून दाब वाढवायचा आणि तोटीतून डोंगरावर मारायचं. चिखल लांब लाकडी पन्हळींतून जायचा. त्यांच्या तळाशी आडव्या पट्ट्या असायच्या आणि पट्ट्यांमध्ये पारा ओतलेला असायचा, तो बारीक सोनं धरून ठेवायचा. मॅलाकॉफचा खड्डा इतका खोल गेला की पाणी बाहेर काढायला खडकातून सुमारे 2.4 किलोमीटरचा बोगदा खणावा लागला. तो 1874 मध्ये पूर्ण झाला. आज तो खड्डा सुमारे दोन किलोमीटर लांब आहे.

खाण बंद पडली ती सोनं संपलं म्हणून नाही. चिखल युबा नदीत साचला, पात्र वर आलं, 1875 मध्ये मेरीसव्हिल गाव बुडालं, शेतं गोट्यांखाली गेली. लोक कोर्टात गेले आणि 7 जानेवारी 1884 रोजी न्यायाधीश लॉरेन्झो सॉयर यांनी नदीत गाळ सोडायला मनाई केली. पाण्याचा मारा करायला बंदी नव्हती, पण गाळ टाकायला दुसरी जागाच नव्हती. त्या निकालाइतकं नदीच्या बाजूनं ठामपणे उभं राहिलेलं काही त्या काळात क्वचितच दिसतं. पन्हळींतून निसटलेला पारा मात्र अजून त्या भागातल्या नद्यांच्या गाळात आहे.

हा पारा आपल्याकडेही आहे, म्हणून एवढं सांगितलं. सराफी दुकानांचा केर धुणारे झारेकरी हेच काम छोट्या प्रमाणावर करतात. केर जाळून राख धुतात, उरलेल्या जड भागात पारा चोळतात, ओल्या कापडातून पिळतात. कापडात राहिलेल्या गोळ्यात सोनं आणि पारा दोन्ही असतात. तो उघड्यावर तापवला की पारा वाफ होऊन जातो. पारा 357 अंशांना उकळतो, पण वाफ त्याच्या कितीतरी आधीपासून सुटत असते. तिला रंग नाही, वास नाही. ती फुप्फुसातून रक्तात आणि तिथून मेंदूपर्यंत पोचते, लहान मुलांना आणि गर्भाला तर फारच घातक. गोळा बंद लोखंडी भांड्यात तापवायचा, भांड्याची नळी खाली वळवून ओल्या कापडानं थंड ठेवायची, आणि तिचं टोक पाण्याच्या जेमतेम वर ठेवायचं. ते पाण्यात बुडालं तर भांडं निवताना पाणी आत ओढलं जातं आणि तापलेलं भांडं फुटू शकतं. पारा पाण्यात जमतो आणि पुन्हा वापरता येतो. हे काम घरात तर नाहीच, पत्र्याच्या शेडमध्येही करू नये. मोकळ्या जागी, वाऱ्याकडे पाठ करून करावं.