खडीर बेटावरचा शेवटचा दिवस

कच्छमधल्या आमच्या पायी सहलीत काळा डुंगर आणि खावड्याच्या परिसरातील भटकंती आनंदात पार पडली. धोरडोच्या तंबूनगरीत मात्र गर्दीने आणि ध्वनिक्षेपकांनी जीव विटला, त्याविषयी अधिक लिहिण्याची इच्छा नाही. शेवटचा दिवस आम्ही रणातल्या खडीर बेटावरील धोलावीरा या हडप्पाकालीन नगरासाठी राखून ठेवला होता.

सकाळी धोलावीरा गावापासून काही किलोमीटरवर असलेल्या जीवाश्मांकडे गेलो. ज्युरासिक काळातील झाडांचे दगड झालेले ओंडके तिथे कुंपणात जपले आहेत. उतारावरून पुढे पाहिले की पांढरे रण थेट आभाळाला भिडते. ऊन चढेपर्यंत पाण्याच्या बाटल्या जवळजवळ संपल्या. दुपारी एका भुंग्यात, म्हणजे कच्छी पद्धतीच्या गोल मातीच्या घरात, बाजरीचा रोटला, लसणाची चटणी आणि ताक मिळाले. यजमान बाईंनी मुलीला आग्रह करकरून ताक वाढले आणि निघताना आमच्या बाटल्याही भरून दिल्या. तंबूनगरीतल्या सरबराईत हा जिव्हाळा नव्हता.

तहान अशी अनुभवल्यानंतर धोलावीरेच्या या नगरात पाऊल ठेवले, म्हणूनच कदाचित माझे लक्ष तटबंदीपेक्षा पाण्याकडे अधिक गेले. माझे वडील बडोद्याच्या पाणीपुरवठ्यात नोकरी करून निवृत्त झाले आहेत. सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेल्या आजवा सरोवराबद्दल ते आजही घरच्या माणसाबद्दल बोलावे तसे बोलतात. पूर्वेकडील जलाशयाच्या काठावर येताच ते थबकले. सुमारे 73 मीटर लांब आणि 29 मीटर रुंद असा तो खड्डा खाली कातळातच खोदलेला आहे आणि तळाकडे दगडी पायऱ्या उतरतात.

मुलीने विचारले, "आजोबा, इथे नदी कुठे आहे?"

"नदी नाही, म्हणून तर एवढं खणलं," बाबा म्हणाले.

नगराच्या उत्तरेला मानसर आणि दक्षिणेला मनहर असे दोन पावसाळी ओढे आहेत. त्यांचे पाणी बांध घालून वळवायचे आणि नगराभोवतीच्या जलाशयांत साठवायचे, अशी ही योजना होती. बालेकिल्ल्यावर पडणारे पावसाचे पाणीसुद्धा दगडी नाल्यांतून वाहून नेले जाई. जमिनीचा उतार ओळखून पाणी चढावर न ओढता आपोआप पुढे जाऊ देणे हे बाबांच्या मते या कामातले खरे कौशल्य आहे, आणि ते पटवून देताना त्यांनी आम्हाला भर उन्हात दक्षिणेकडचे जलाशय एकामागून एक दाखवले.

बालेकिल्ल्यातील विहिरीपाशी एका दगडावर दोर घासून पडलेले चर आहेत. मुलगी उकिडवी बसून ते कितीतरी वेळ निरखत होती. अशा कठीण दगडात एवढी खोल खूण उमटायला किती हातांनी, किती पिढ्या, पाणी ओढले असेल, या विचाराने मला गलबलून आले. राजवाडे, मंदिरे पाहताना माझे असे कधी झालेले नाही.

तेवढ्यात पर्यटकांची एक बस आली. त्यांना पुढच्या ठिकाणी पोहोचायचे होते. बहुतेकांनी जलाशयाकडे पाठ करून छायाचित्रे काढली, आणि विहिरीपर्यंत फारच थोडे जण आले. दोष त्यांचा नाही, असे कार्यक्रम आखणाऱ्यांचा आहे, कारण 2021 मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या या जागेला ते अर्धा तास देतात आणि तंबूनगरीतल्या नाचगाण्यांना दोन रात्री. कच्छला निघणाऱ्या बडोदेकरांना माझे कळकळीचे सांगणे आहे की हे प्रमाण उलटे करावे, खडीरवर मुक्काम करावा आणि हे नगर सकाळच्या उन्हात, सावकाश, पायी पाहावे. रापरमार्गे परतताना बाबांनी पुढच्या हिवाळ्याचा बेत मांडला. त्यात धोरडोचे नाव नव्हते, आणि त्याला माझी पूर्ण संमती आहे.