आमची वाटचाल : मोडक्या बॅगांच्या टेबलावरून

आमचा मूळ धंदा दुरुस्तीचा. चेन बदलायची, रनर टाकायचा, मोडलेली चाकं काढून दुसरी बसवायची, दांड्याचं अडकलेलं बटण सोडवायचं. एक शिलाई मशीन, रिव्हेट फोडायला ड्रिल आणि मापामापाच्या चाकांनी भरलेले डबे, एवढ्यावर काम सुरू झालं. पुढे गिऱ्हाईकच विचारायला लागलं, ‘ही तर गेली, आता नवी कोणती घेऊ ते तरी सांगा.’ सांगता सांगता आम्ही बॅगा ठेवायला लागलो. आज पुढे नव्या बॅगा जास्त दिसतात, पण कोणती ठेवायची आणि कोणती परत पाठवायची, हे अजूनही मागच्या खोलीतल्या टेबलावरच ठरतं.

त्या टेबलाचे मालक म्हणजे आमचे मामा. नात्याने कुणाचेच मामा नाहीत, पण सगळे तसंच म्हणतात. आलेल्या प्रत्येक बॅगेला ते चिठ्ठी लावतात : काय मोडलं, कुठून मोडलं. चिठ्ठीवर नुसतं ‘चाक’ लिहिलेलं त्यांना चालत नाही. ‘चाक गेलं की चाकाचं घर गेलं, ते लिही,’ असं नव्या पोरांना ऐकवतात. चाक झिजलं तर बदलता येतं. पण ते ज्या प्लास्टिकच्या घरात बसतं ते घरच कवचापासून उखडलं, तर भोकं मोठी झालेली असतात, भोवतीचं प्लास्टिक फाटलेलं असतं आणि नव्या स्क्रूला धरायला काही उरलेलं नसतं. या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांतूनच आमचं एक मत पक्कं झालं, आणि पुढचा सगळा धंदा त्यावर उभा राहिला. विमानप्रवासात बॅग मोडते ती सांध्यांत : चाक, दांडा, चेन, उचलायची मूठ. कवच तडकलेल्याही येतात, पण त्यांचा नंबर नंतरचा.

सामान काउंटरवर दिल्यानंतर त्याचं काय होतं ते पाहिलं की हे पटतं. आधी फिरता पट्टा, मग उतार, मग वेगवेगळ्या विमानांसाठी सामान वेगळं करणारी यंत्रणा, मग गाडी. मोठ्या रुंद विमानांत बॅगा बहुधा धातूच्या कंटेनरमध्ये जातात. लहान विमानांत मात्र त्या एकेक करून पोटात रचल्या जातात, आणि रचणारा माणूस कमी उंचीच्या जागेत गुडघ्यांवर बसून काम करत असतो. तो हाताला येईल ते धरून ओढणार. दांडा बाहेर राहिला असेल तर दांडा, नाहीतर बाजूची मूठ. प्रत्येक वळणावर बॅगेचा जो भाग बाहेर आलेला असतो तो आधी आपटतो, आणि चार चाकांच्या बॅगेत चाकांइतकं बाहेर आलेलं दुसरं काहीच नसतं. बॅगेचे लोंबते बंद फिरत्या पट्ट्याच्या फटीत अडकतात ते वेगळंच. आमच्याकडून बॅग घेणाऱ्याला आम्ही सांगतो, वरून शोभेचा पट्टा बांधायचा तर घट्ट बांधा आणि टोक आत खोचा.

सुरुवातीला माल दाखवायला येणारे पुरवठादार कवचाबद्दलच बोलायचे. चकाकी, रंग, ‘अनब्रेकेबल’. चकचकीत बॅगा तेव्हा बहुतेक एबीएस नावाच्या प्लास्टिकच्या असायच्या, आजही असतात. एबीएस कडक असतं, रंग छान घेतं, स्वस्त पडतं, पण कोपऱ्यावर मार बसला की तडकतं. पॉलिकार्बोनेट हे दुसरं प्लास्टिक वाकतं आणि परत येतं. हे प्लास्टिक १९५३ सालचं, पण त्याच्या ट्रॉली बॅगा आल्या त्या २००० च्या सुमारास. पॉलिप्रॉपिलीन आणखी लवचीक आणि हलकं, दिसायला जरा साधं. ॲल्युमिनियम दिसतं रुबाबदार, तडकत नाही, पण पोचे येतात, वजन जास्त असतं, आणि चौकट जरा पिळली की कड्या जुळत नाहीत.

आमची परीक्षा साधी आहे. रिकामी बॅग आडवी ठेवायची आणि झाकणाच्या मधोमध तळहाताने दाबायचं. चांगलं पॉलिकार्बोनेट किंवा पॉलिप्रॉपिलीन आत जातं आणि हात काढला की टप्पकन बाहेर येतं. एबीएस अडून बसतं, आणि जास्त दाबलं की वाकल्या जागी पांढरी रेघ उमटते. ती रेघ पुसली जात नाही, आणि पुढे तडा जातो तो बहुधा तिथूनच. लेबलावर ‘पॉलिकार्बोनेट’ लिहिलंय म्हणून खूश व्हायचं कारण नाही. एबीएसच्या वर पॉलिकार्बोनेटचा पातळ थर असलेलाही माल त्याच शब्दाने विकला जातो. संपूर्ण पॉलिकार्बोनेट आहे का, हे पुरवठादाराला आम्ही लेखी विचारतो. उत्तर तोंडी आलं की आमचा निर्णय झालेला असतो.

कापडी बॅगांना आमच्या धंद्यात उगाच कमी लेखतात. चांगलं नायलॉन फाटता फाटत नाही, आणि फाटलं तर शिवता येतं. तडकलेलं कवच शिवता येत नाही. कापडावर डेनियरचा आकडा असतो : ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितका डेनियर. १६८० डेनियरचं बॅलिस्टिक नायलॉन म्हणजे जाड, दणकट काम. पण नुसता आकडा बघून फसायला होतं, कारण पॉलिएस्टरचा मोठा आकडा नायलॉनच्या लहान आकड्यापुढेही घासाघाशीत हरू शकतो. आम्ही कापड उलटं करून बघतो. आतला थर चिकट किंवा पापुद्रे सुटल्यासारखा असेल, तर त्या बॅगेचं आयुष्य सरत आलेलं आहे, वापरलेली असो वा नसो.

हेच चाकांच्या बाबतीत घडतं आणि लोकांचा विश्वास बसत नाही. ‘अहो, दोनदा वापरलीय फक्त, कपाटावर ठेवली होती!’ असं म्हणत बॅग येते आणि टेबलावर ठेवता ठेवता चाकाचे खवले गळतात. पॉलियुरेथेनच्या काही जाती हवेतल्या ओलाव्याने आतून तुटत जातात. चाक वरून शाबूत दिसतं, वजन पडलं की चुरा होतो. म्हणून जुनी बॅग काढलीत तर प्रवासाच्या आदल्या रात्री काढू नका. आठवडाभर आधी काढा, भरा आणि घरातल्या घरात फिरवून बघा.

दोन चाकं की चार, हा वाद आमच्याकडे रोजचा. सामानाला चाकं लावायचं पेटंट बर्नार्ड सॅडो यांना १९७२ मध्ये मिळालं. त्यांची बॅग पट्ट्याने ओढायची होती आणि ती डुलायची. पुढे रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने १९८७ मध्ये बॅग उभी केली, खाली दोन चाकं, वर आत-बाहेर होणारा दांडा. तीच मांडणी मामांना अजून सगळ्यांत पसंत आहे. दोन चाकं मोठी असतात, कोपऱ्यात निम्मी आत दडलेली असतात, ओबडधोबड जमिनीवर चालतात. चार चाकांची बॅग गुळगुळीत फरशीवर बोटाने ढकलता येते, मनगटाला आणि पाठीला आराम देते. पण प्रत्येक चाक बारीक मानेवर फिरतं, आणि मोडायचं ते त्या मानेतच. गिऱ्हाइकाला हवी असतात चारच. आम्ही दोन्ही ठेवतो, चारची घेताना जोडचाक, म्हणजे एका मानेवर दोन चाकं, असलेली बघतो, आणि मामांचं मत मागच्या खोलीतच राहू देतो.

धंद्याला खरं वळण मिळालं ते एका प्रश्नाने. आम्ही प्रत्येक पुरवठादाराला विचारायला लागलो : या बॅगेची सुटी चाकं आणि सुटा दांडा देणार का? पहिल्या पहिल्यांदा हसण्यावारी नेलं. बॅग विकायची सोडून चाकं कसली मागता, असा सूर. काहींनी सरळ सांगितलं की चाकं रिव्हेटची आहेत, बदलायची सोयच नाही. अशा बॅगा आम्ही बंद केल्या, त्यांत चांगल्या खपणाऱ्याही होत्या. नफा घटला, वर्षभर ताण जाणवला. पण ज्या दोघातिघांनी ‘देतो’ म्हटलं त्यांच्याशी जमलं ते आजतागायत. आता नवी बॅग आली की मामा आधी अस्तराची चेन उघडतात आणि आत हात घालून बघतात, चाकाचे स्क्रू हाताला लागतात का. अस्तर चिकटवून टाकलेलं असेल, तर बाहेरून बॅग कितीही देखणी असो, ती परत जाते. दांड्याचंही तसंच. पूर्ण बाहेर काढून डावी-उजवीकडे हलवायचा. थोडा खेळ असतोच, असायलाही हवा, पण नळ्या एकमेकींवर खडखडत असतील तर आतलं प्लास्टिक पातळ आहे. कुलपाची पिन बसत नसेल तर रांगेत उभं असतानाच दांडा हातात येतो.

चेनबद्दल आम्ही एक प्रयोग दाखवतो. भरलेली बॅग, दोन्ही रनर एकत्र आणून कुलूप लावलेलं. मामा साधं बॉलपेन घेतात, टोक चेनच्या दातांत खुपसतात आणि ओढत नेतात. चेन उघडी. मग तेच कुलूपबंद रनर पुन्हा फिरवतात आणि चेन जशीच्या तशी मिटते. बघणारा गप्प होतो. बहुतेक बॅगांना असते ती कॉइल चेन, म्हणजे प्लास्टिकच्या वेटोळ्याचे दात असलेली, तिच्यात हे होतं. दुपदरी दातांची चेन एवढ्या सहजी उघडत नाही. ज्यांना मौल्यवान काही न्यायचं असतं त्यांना आम्ही चेनऐवजी चौकट आणि कड्या असलेली बॅग दाखवतो, आणि त्याहून आधी हे सांगतो की मौल्यवान वस्तू केबिनमध्ये हाताशी ठेवा. चेनचा नंबर विचारायला शिका : ५, ८, १०. मिटलेल्या दातांची रुंदी साधारण तितके मिलिमीटर. मोठ्या बॅगेच्या मुख्य तोंडाला ५ नंबर असेल तर घेऊ नका. आणि चेन मागून उसवत असेल तर बॅग टाकून देऊ नका. बहुतेक वेळा दात चांगले असतात, रनर पसरलेला असतो. रनर बदलणं हे आमचं सर्वांत स्वस्त काम, आणि त्यासाठीच कितीतरी बॅगा कचऱ्यात जातात.

टीएसए, म्हणजे अमेरिकेची विमानतळ सुरक्षा यंत्रणा, तिने मान्य केलेल्या कुलपांचं म्हणाल तर २००३ पासून ती आहेत. अमेरिकेतल्या तपासनिसांकडे त्यांच्या मास्टर किल्ल्या असतात, म्हणजे तिथे बॅग उघडायची वेळ आली तर कुलूप कापलं जात नाही. त्या किल्ल्यांचे नमुने २०१५ मध्ये सर्वांच्या हाती पोचले. तेव्हा या कुलपाकडून चोराला अडवण्याची अपेक्षा ठेवू नका. बॅग आपोआप उघडू नये, एवढं काम ते करतं.

मापांवरून भांडणं फार. कारखान्याच्या लेबलावर कधी कधी नुसत्या कवचाचं माप असतं, विमान कंपनी मोजते चाकं आणि मुठीसकट. म्हणून आम्ही प्रत्येक बॅग स्वतः टेपने मोजून, रिकामी तोलून, आमची चिठ्ठी लावतो. विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेसाठी लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर आणि २३ किलो ही बऱ्याच कंपन्यांची साध्या वर्गाची मर्यादा. ३२ किलोच्या वरचा एकच नग बहुतेक कंपन्या घेतच नाहीत, कारण तो माणसाला उचलायचा असतो. केबिनच्या बॅगेचं माप मात्र कंपनीगणिक बदलतं, तिकिटावर बघूनच घ्यावं. रिकामी बॅगच पाच किलोची असेल तर २३ पैकी तुमचे किती उरले, हा हिशोब गिऱ्हाइकाने दुकानातच करावा.

मध्ये फोन वगैरे चार्ज करायला आत बॅटरी बसवलेल्या बॅगांची लाट आली होती. जानेवारी २०१८ पासून अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांनी बॅटरी काढता येत नसेल तर अशी बॅग नाकारायला सुरुवात केली, आणि लाट ओसरली. आम्ही त्या वाटेला गेलो नव्हतो. बॅटरीचं आयुष्य बॅगेपेक्षा कमी, मग बॅगेने तिच्यासाठी का मरावं, हे मामांचं गणित.

गेल्या काही वर्षांत एक नवंच काम अंगावर आलं : नुकसानीचे कागद. लोक मोडकी बॅग महिन्याने घेऊन येतात आणि विचारतात, कंपनीकडून काही मिळेल का. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू होणाऱ्या १९९९ च्या माँट्रियल करारात मुदत स्पष्ट आहे. बॅग मोडली असेल तर हातात आल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार, उशिरा मिळाली असेल तर २१ दिवसांत. विमानतळ सोडण्यापूर्वीच पट्ट्याजवळच्या काउंटरवर नोंद करून घ्यावी आणि फोटो काढावेत. भरपाईची कमाल मर्यादा प्रत्येक प्रवाशामागे, २८ डिसेंबर २०२४ पासून १५१९ एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशोबी एककात. बॅगेतच मूळ दोष असेल तर कंपनी जबाबदार नाही, असंही करारात आहे, आणि घासाघीस होते ती याच कलमावर. म्हणून आम्ही दुरुस्तीच्या अंदाजासोबत एक ओळ लिहून देतो : मोड जुन्या झिजेची आहे की ताज्या आघाताची. ताजा तडा स्वच्छ असतो, जुन्यात मळ बसलेला असतो. जुना असेल तर जुना लिहितो, त्यामुळे काही गिऱ्हाइकं रागावून गेली आहेत.

सध्याची डोकेदुखी म्हणजे चाकांच्या घरांची मापं. प्रत्येक उत्पादकाचं घर वेगळं, स्क्रूंमधलं अंतर वेगळं, आणि मॉडेल बंद झालं की सुटे भागही बंद. त्यामुळे दुरुस्त न होणारी बॅग कुणी टाकायला निघालं तर आम्ही ती मागून घेतो, चाकं, दांडे, मुठी, रनर सगळं काढतो आणि मापाप्रमाणे डब्यांत लावतो. डबे वाढले तशी जागा अपुरी पडली. पुढच्या वर्षी मागची भिंत पाडून खोली वाढवायचा विचार आहे. मामांची अट एकच आहे, टेबल खिडकीपाशीच राहील.