टाळ खाली ठेवून

हातात टाळ नसताना भजन म्हणायची मला सवय नाही. आमच्या वसमत भागात एकादशीला भजन बसतं, त्यात मी टाळकरी. पावलीही खेळतो, म्हणजे टाळाच्या तालावर ओळीत पावलं टाकत नाचतो, गुडघे खेळू देतात तेवढं. त्यामुळे पुण्याहून लेकीचा फोन आला, "बाबा, तुम्हा दोघांची नावं मी देऊन टाकलीत, खुलताबादजवळ शनिवार-रविवार गोल धरून नाचायचं आणि गायचं," तेव्हा मला वाटलं, यात आपल्याला कोण काय शिकवणार? फॉर्म तिनेच भरला होता. त्यात गुडघे, कंबर, रक्तदाब, चक्कर येते का, सगळं विचारलं होतं. गाता येतं का, नाचता येतं का, हे मात्र कुठेच नव्हतं. फी जेवण-मुक्कामासह माणशी साडेतीन हजार. सौ. म्हणाली, "एवढ्यात मंडळाची पंगत उठली असती."

पूर्णेहून तपोवन एक्स्प्रेस धरली, पुढे एसटी. जागा म्हणजे खुलताबाद-वेरूळ पट्ट्यातलं एक शेत. मधोमध मोठं पत्र्याचं शेड, खाली शहाबादी फरशी, बाजूला राहायच्या खोल्या. जानेवारी असल्यामुळे शेजारच्या वावरात हुरडा लागलेला. तीसेक माणसं असतील. पुणे-मुंबईची निम्मी, बाकी छत्रपती संभाजीनगर, जालना, एक जोडपं नांदेडचं, आणि आम्ही. शिकवणाऱ्या ताई गिटार घेऊन आल्या होत्या, त्यांच्यासोबत ढोलकीवर एक मुलगा.

शुक्रवारी, पहिल्याच संध्याकाळी पेच पडला. मधे समई, तिच्याजवळ ताई आणि ढोलकीवाला, भोवती आम्ही सगळे गोल उभे. ताई म्हणाल्या, "हात धरा. डावा तळवा वर, उजवा खाली." माझ्या उजव्या हाताला सौ. होती, डाव्या हाताला पुण्याच्या एक अनोळखी बाई. चाळीस वर्षांच्या संसारात मी चारचौघांत बायकोचा हात धरल्याचं आठवत नाही. लग्नात धरला असेल तो भटजींनी सांगितलं म्हणून. आणि इथे एकदम दोन्ही हात गेले! घाम पुसता येईना, चष्मा सरकला तर वर करता येईना, खिशात मोबाइल वाजला तर वाजू द्यायचा.

पण खरी अडचण लाजेची नव्हती, ती तासाभरात जाते. अडचण तालाची होती. टाळकऱ्याचा ताल हातात असतो, पाय हातांच्या मागून येतात. हात दुसऱ्यांच्या हातात गेले की तो ताल कुठेतरी पायात उतरवावा लागतो, आणि माझे पाय काही केल्या ऐकेनात. पावलं म्हणाल तर अगदी साधी: उजवीकडे चार, मग समईकडे चार पुढे जात हात वर, चार मागे येत हात खाली. पाचवीतलं पोरगंही करील. मी चौथ्या पावलाला थांबायच्या जागी पाचवं टाकायचो, कारण पावलीत तिथे उडी असते. पावलीत माझं पाऊल चुकलं तर ते माझ्यापुरतं चुकतं, समोरची ओळ तिच्या तालात चालू असते. इथे माझ्या चुकीच्या पावलाने दोन्ही बाजूंचे हात ओढले जायचे, आणि तो झटका गोलात तिसऱ्या-चौथ्या माणसापर्यंत पोहोचलेला दिसायचा.

सौ.ला यातलं काहीच झालं नाही. तिचं माहेर जिंतूरकडचं. लग्नाआधी दर पंचमीला झोके, फुगड्या आणि रात्री उशिरापर्यंत फेर. मधल्या इतक्या वर्षांत तिने फेर धरलेला मी पाहिला नाही, पण पायांनी ते विसरलेलं नव्हतं. दुसऱ्या गाण्याला ती शेजारणीला हळूच सांगत होती, "पायाकडं बघू नका हो, बघितलं की चुकतंय."

गाण्याचंही तसंच. आमचं भजन उंच पट्टीत चालतं, लांबच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे अशा बेताने. गिटारचा सूर बराच खाली. मी सवयीने वर चढवला, तर ताई जवळ येऊन म्हणाल्या, "काका, शेजारच्याचा आवाज तुम्हाला ऐकू येईल, इतकाच आपला ठेवा." त्या दोन दिवसांत मिळालेल्या सगळ्या सूचनांत ही मला सर्वात उपयोगाची वाटली. करून बघा. आपला आवाज निम्म्यावर आणला की सगळ्यांचा मिळून एक वेगळाच आवाज येतो, आणि त्यात आपला कुठला ते सांगता येत नाही.

रात्री हुरड्याच्या आगटीभोवती ताईंनी या प्रकाराची कुळकथा सांगितली. याला 'डान्सेस ऑफ युनिव्हर्सल पीस' म्हणतात. सॅम्युएल लुईस (1896-1971) या अमेरिकन माणसाने 1960 च्या दशकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये तरुण पोरापोरींना घेऊन हे सुरू केलं. सगळ्या धर्मांतले मंत्र आणि नामं घ्यायची, सोप्या चाली, सोपी पावलं, आणि बघ्या कोणीच नाही; जो आला तो गोलात. या माणसाला दीक्षा मिळाली होती सूफी गुरू हजरत इनायत खान यांच्याकडून. इनायत खान 1882 मध्ये बडोद्यात जन्मले, घराणं गवयांचं, आणि त्यांचे स्वतःचे गुरू हैदराबादचे. 1910 मध्ये ते पश्चिमेकडे गेले. इथे मी कान टवकारले. त्या काळी आमचा मराठवाडा निजामाच्याच राज्यात होता, म्हणजे हा धागा आमच्या राजधानीतून गेलेला. निजामाचं ते राज्य आम्हाला 17 सप्टेंबर 1948 पर्यंत पुरलं, हे सांगायचा मोह मी आवरला. समोर हुरडा गरम होता, गूळ आणि शेंगदाण्याची चटणी होती.

शनिवारी सकाळी रामनामाचा नाच होता. 'श्रीराम जय राम जय जय राम.' केरळातल्या कान्हनगडच्या आनंदाश्रमाचे पपा रामदास यांचा लुईस यांच्यावर मोठा प्रभाव होता, त्यामुळे त्यांच्या सुरुवातीच्या नाचांत हे रामनाम आहे, असं ताई म्हणाल्या. जालन्याच्या एका गृहस्थांना राहवलं नाही. म्हणाले, "म्याडम, हा तेरा अक्षरी मंत्र समर्थांचा. समर्थांचा जन्म आमच्या जांबेचा, घनसावंगी तालुका." ताईंनी त्यांना लगेच मधे बोलावलं आणि मंत्र त्यांच्याच चालीत म्हणायला लावला. त्या चालीवर आम्ही बराच वेळ फिरलो. चाल खुर्चीवर बसून म्हणायची होती, फिरताना श्वास कमी पडायचा, पण मजा आली.

याच गृहस्थांनी थोड्या वेळाने हरकतही घेतली. मध्याकडे तोंड करून उजवीकडे सरकत गेलं की मधली समई डाव्या हाताला येते. "ओ म्याडम, ही तर उलटी प्रदक्षिणा व्हायली की!" बरेच जण थबकले. ताई शांतपणे म्हणाल्या, काही नाच या बाजूने जातात, काही त्या बाजूने, रामनाम आपण डावीकडून घेऊ. दिशा बदलली, आणि सगळ्यांची पावलं नव्याने चुकायला लागली. मला आपलं औंढ्याचं आठवलं. नामदेवांना देवळामागे कीर्तन करायला घालवलं तेव्हा नागनाथाचं देऊळच त्यांच्याकडे फिरलं, अशी आमच्या हिंगोली जिल्ह्यातली कथा. जिथे देऊळ फिरलं तिथे भक्तांच्या दिशेचं काय घेऊन बसलात, असं मी म्हणालो. जालन्याचे हसले, पण डावीकडूनच फिरले.

प्रत्येक नाचानंतर टाळ्या नाहीत, बोलणं नाही, डोळे मिटून काही वेळ तसंच उभं राहायचं. मला हे फार जड गेलं. आमच्याकडे अभंग संपला की 'पुंडलिक वरदे' आलंच पाहिजे, नाहीतर अभंग संपल्यासारखा वाटत नाही. जयघोष ओठांपर्यंत यायचा आणि गिळावा लागायचा. समोर नांदेडच्या भावजींचंही तेच चाललं असावं, त्यांचा गळा हलताना दिसायचा.

दुपारचा एक नाच मात्र मी टाळणार होतो. त्यात जोड्या करायच्या, समोरच्याच्या डोळ्यांत बघून 'अस्सलामु अलैकुम', त्याने 'व अलैकुम अस्सलाम', एक गिरकी, आणि त्याला ओलांडून पुढच्या माणसासमोर. अशी सगळ्या गोलाची भेट. परक्या बाईच्या डोळ्यांत बघायचं, तेही चार-पाच सेकंद, हे आमच्या पिढीला कोणी शिकवलेलं नाही. ताईंना बहुधा हे माहीत होतं. त्या म्हणाल्या, "ज्यांना अवघड वाटतं त्यांनी कपाळाकडे बघा, हात जोडा, चालेल." मी कपाळापासून सुरुवात केली. कपाळं बघत बघत पाच-सहा जण गेले, मग एक निवृत्त फौजदार समोर आले. ते माझ्याकडे असे रोखून बघत होते की नजर चुकवली तर पकडतील. तिथून पुढे डोळ्यांत बघणं सोपं झालं. गोल फिरत फिरत शेवटी सौ. समोर आली. ती इतक्या जोरात हसली की शब्दच विसरली, मीही विसरलो, गिरकी राहून गेली आणि आमच्यामागे सगळी रांग तुंबली.

संध्याकाळी चहाच्या वेळी तिघाचौघांचं ठरलं की हे सगळं आपलंच आहे, पावली, फुगडी, दिंडी. गोऱ्यांनी नेलं आणि फी लावून परत आणलं. मला हे पटलं नाही, आणि मी तसं बोललो. पावलीत आमच्या मंडळात एकही बाई नसते. पंचमीच्या फेरात एकही गडी नसतो. कीर्तनात गाणारे वेगळे, ऐकणारे वेगळे. रामनाम आणि सलाम एकाच दुपारी, त्याच पायांनी, हे आमच्या कुठल्या उत्सवात होतं ते मला दाखवा. मंत्र इथला असेल, गोल इथला असेल. पण कोणाचा हात कोणाच्या हातात, हे या लोकांनी नव्याने बसवलं आहे, आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायला काय हरकत आहे? फौजदारांनी मान डोलावली. जालन्याचे म्हणाले, "तुमचं बरोबर हाय, पण मंत्र आमच्या जांबेचा."

रविवारी सकाळी सत्र लवकर आटोपून ज्यांना यायचं ते खुलताबादला गेलो. रिक्षावाल्याने न विचारताच औरंगजेबाच्या कबरीकडे हँडल वळवलं. बाहेरचा माणूस दुसऱ्या कशासाठी येतो हे त्याला माहीतच नसावं. आम्हाला जायचं होतं हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात. ते दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य. मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली त्या काळात दख्खनेत आले, आणि 1337 मध्ये वारले. त्यांना समा, म्हणजे गाणं ऐकता ऐकता भान हरपून नाचणं, अतिशय प्रिय होतं. त्यांची नाचण्याची धाटणी इतकी निराळी होती की त्यांच्या सोबत्यांना त्यावरून 'बुरहानी' म्हणत. शाळेत मी वर्षानुवर्षे पोरांना दौलताबादची सहल नेली, तुघलकाचा वेडेपणा रंगवून सांगितला, पण त्याच स्थलांतरातून दिल्लीहून इथे नाचणारे साधू आले, हे माझ्या एकाही पाठात नव्हतं. दर्ग्यात आम्ही नाचलो वगैरे नाही. बसलो, चादरीचे पैसे दिले, निघालो.

दुपारी शेवटचं सत्र, त्यात सगळं परत एकदा. तोवर माझे पाय चार पावलांना चारच टाकायला शिकले होते. कसे, ते मला सांगता येणार नाही. शनिवारी रात्री पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की पाय काही करायच्या मनःस्थितीत नव्हते, त्याचाच फायदा झाला असावा.

कोणाला जायचं असेल तर काही गोष्टी. फरशी असेल तर मोजे घालून नाचू नका, घसरता, अनवाणी बरं. गुडघ्याचं दुखणं असेल तर आधी सांगा, गोलाच्या आत खुर्ची ठेवतात आणि बसून गायला देतात. दोन आजी तशाच बसल्या होत्या आणि त्यांचा आवाज सगळ्यात सुरेल होता. गोल फिरून चक्कर येणाऱ्यांनी मात्र विचार करावा. बायकांनी पदर खोचायची तयारी ठेवावी किंवा पंजाबी ड्रेस न्यावा. दुपारचं जेवण कमी जेवा, हे मी वांग्याची भाजी आणि बाजरीची भाकरी चापून खाल्ल्यानंतर सांगतो आहे.

परत आल्यावर मंडळात विषय काढला. आमचे मृदंगवाले म्हणाले, "हात धरले तर टाळ कोण वाजवणार? आन् टाळ नसल तर मग भजन कामून म्हणायचं?" प्रश्न रास्त आहे, माझ्याकडे उत्तर नाही. पण सौ.ने गल्लीतल्या बायका जमवल्या. मारुतीच्या देवळापुढे शनिवारी आरती झाली की रामनामाचा गोल होतो, जांबेच्या गृहस्थांच्या चालीत. पुरुष दोन-तीनच येतात. मृदंगवाले ओट्यावर बसून हळूच ठेका धरतात, म्हणतात सराव करतोय. हात धरणं बायकांना जमलं, सूर खाली आणणंही जमलं, पावलं तर त्यांना यायचीच. शेवटी गप्प उभं राहणं तेवढं आमच्या गावात कोणालाच जमत नाही. दोन क्षण होतात न होतात तोच ओट्यावरून 'पुंडलिक वरदे' येतं, आणि सगळे हात सोडून 'हरि विठ्ठल' म्हणतात, त्यात मीही आलो.