'का' नावाच्या गावावरून

हिमाचलातल्या किन्नौरमध्ये 'का' नावाचं एक गाव आहे. थट्टा नाही, खरंच आहे. खाबच्या पुलाशी सतलज सुटते, रस्ता स्पिती नदीच्या अंगाने वर निघतो आणि मग एका उघड्याबोडक्या डोंगरावर वळणांमागून वळणं घेत नाको गावाला जातो. ही वळणं या गावाच्या नावानेच ओळखली जातात, 'का लूप्स'. आता मान खाली घालून, धापा टाकत सायकल हाणणाऱ्या मराठी बाईला कुणी 'का' असं विचारलं, तर तिने काय सांगावं? भाचा मागून ओरडला, "मावशी, आता तरी सांग, का?" सांगायला श्वास उरला नव्हता.

मी साताऱ्याची. शाळेत गणित शिकवते, वय 51. रविवारी यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत जायचं आणि परत यायचं, हा माझा गेल्या नऊ वर्षांचा नेम. पण कासला फुलं आली की घाटात गाड्यांची रांग लागते, आणि हॉर्न तर असे वाजतात की पठारावरची फुलंसुद्धा मिटत असतील. एकदा तरी असा रस्ता हवा होता जिथे मागून काहीच येणार नाही. म्हणून जूनच्या सुरुवातीला, शाळा सुरू व्हायच्या आत, सिमल्याहून स्पितीकडे निघालो. सोबत बहिणीचा मुलगा, वय 24. त्याच्या सायकलच्या मागच्या चाकाचा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, पाय थांबवले की भुंग्यासारखा गुणगुणतो. त्या आवाजासाठी त्याने जास्तीचे पैसे मोजलेत. हे मला अजून समजलेलं नाही, पण असो.

मनालीकडून का नाही, असं बऱ्याच जणांनी विचारलं. मनाली साधारण 2,000 मीटरवर, आणि तिथून स्पितीत उतरायला साडेचार हजारांच्या वरची कुंझुम खिंड ओलांडावी लागते. म्हणजे शरीराने 'थांबा' म्हणायच्या आत डोकं ठणकायला लागतं. सिमल्याकडून उंची हप्त्याहप्त्याने वाढते. आम्ही कल्पाला (2,960 मीटर) दोन रात्री नुसतं बसून काढल्या. समोर किन्नर कैलास, हातात चहा. याला व्यायाम म्हणतात, हे मी घरी फोनवर पटवून देत होते.

रेकाँग पिओपर्यंत शांतता वगैरे काही नाही. जलविद्युत प्रकल्पांचे डंपर, धूळ, आणि खाली करड्या रंगाची सतलज. पिओच्या पुढे मात्र एकेक आवाज गळत गेला, आणि तेव्हा मला माझ्या सायकलची टिकटिक ऐकू आली.

सायकल ज्या खोक्यातून आली, त्यावर 'ही बाजू वर' असं दोन भाषांत लिहिलं होतं. खोकं उचलणाऱ्यांना बहुतेक तिसरीच भाषा येत असावी. मागच्या डिरेल्युअरचा, म्हणजे साखळी सरकवून गिअर बदलणाऱ्या भागाचा, हँगर वाकला होता. हँगर म्हणजे फ्रेम आणि डिरेल्युअर यांच्यामधला बोटभर ॲल्युमिनियमचा तुकडा. तो मुद्दामच मऊ ठेवतात, म्हणजे मार बसला तर तो वाकतो आणि फ्रेम वाचते. सगळ्यात हलक्या गिअरवर टाकलं की डिरेल्युअर स्पोकला घासायचं, टिक टिक टिक. साताऱ्यात पोवई नाक्यावर हा आवाज मला सात जन्मांत ऐकू आला नसता. आणि जादा हँगर? तो घरी. कपाटात, पिशवीत, त्यावर लेबल लावून.

वाटेतल्या पूह गावात ट्रकचे टायर काढणारा एक मिस्त्री भेटला. त्याने सायकल उलटी केली, चाक फिरवलं, एक डोळा मिटला आणि सुतार फळीची धार बघतो तसं मागून बघितलं. डिरेल्युअर काढून एका कपात ठेवलं. मग लांब पान्याने तो तुकडा धरून दाबला, इतका हळू की दाबतोय की नुसता धरून उभा आहे, हे कळेना. परत डोळा मिटला, परत दाबला. असं चार वेळा. भाच्याने मोबाइलवर काढलेली कोनमापकाची आकृती त्याने पाहिलीसुद्धा नाही. शेवटी म्हणाला, "एक ही बार का है, मैडम. दुबारा मोड़ोगे तो टूट जाएगा." पन्नास रुपये घेतले आणि सायकलची किंमत विचारली. भाच्याने निम्मी सांगितली. तरी त्याचे दोन्ही डोळे उघडेच राहिले.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला निघालो. खाबला तिबेटातून आलेली सतलज आणि स्पिती एकमेकींना भेटतात. थोडं अंतर दोघी आपापला रंग राखून शेजारून वाहतात, पंगतीत बसलेल्या जावांसारख्या. रस्ता इथे कड्यात कोरलेला आहे आणि वरचा खडक छपरासारखा डोक्यावर येतो.

मग चढ. पूहपासून खाबपर्यंत हातात आलेली उंची खाली नदीला देऊन झालेली असते, आणि नाको आहे 3,660 मीटरवर. म्हणजे एका सकाळात हजार मीटरच्या वर. सातारा ते कास ही चढण पाचशेच्या आसपास, तेव्हा दोन यवतेश्वर एकावर एक. चढ तसा अंगावर येत नाही, आमचा घाट याहून खट आहे. येते ती हवा. नाकोला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 64 टक्के उरतो. साताऱ्याशी ताडून बघितलं तर दर श्वासात जवळपास तीस टक्के कपात. यवतेश्वरला मी एका श्वासात चार पावलं मारते, इथे दोन. साखळीच्या पुढच्या चक्रीला 34 दात, मागच्या चक्रीलाही 34, म्हणजे सगळ्यात हलका गिअर, वेग ताशी सहा. आणि टिकटिक नाही. मिस्त्रीला मनातल्या मनात नमस्कार.

तिसऱ्या की चौथ्या वळणावर खालून घरघर आली. बस. ती दिसायच्या कितीतरी आधी ऐकू आली. खालच्या वळणावर आवाज मोठा, मग डोंगराआड गडप, मग परत, जरा जवळून. असं दहा मिनिटं तरी चाललं असेल. हिमाचल परिवहनची काझाला जाणारी. शेजारी येऊन मंदावली, कंडक्टरने डोकं बाहेर काढलं, "आ जाओ, छत पर जगह है!" मी हात हलवून नको म्हटलं. भाचा हो म्हणणार होता, त्याचं तोंड मी पाहिलं.

नाकोत तळं आहे, काठाला विलोची झाडं, आणि मागे 6,816 मीटरचा रिओ पुरग्यिल, हिमाचलातला सगळ्यात उंच. मी मात्र थुक्पाचे, म्हणजे तिबेटी नूडल सूपचे, दोन वाडगे पिऊन चार वाजता झोपले. वर्णन दुसऱ्या कुणाकडून ऐका.

सकाळी मलिंग नाला. नाको सोडल्यावर लगेचच हा टापू लागतो. बर्फ वितळायला लागलं की दुपारी पाणी चढतं, म्हणून ओलांडायचा तो सकाळीच. पाण्याची भीती नव्हती, घोट्यापर्यंतच होतं. भीती डोंगराची. तो नुसता दगडमातीचा ढीग आहे, उन्हं आली की रात्री गोठलेलं सैल होतं आणि दगड सुटतात. रस्त्याच्या कामावरचा एक माणूस मोठ्या खडकाच्या आडोशाला शिट्टी घेऊन बसला होता. आमच्या आधी एक गाडी येऊन उभी होती. त्याने ड्रायव्हरला आधी गाणी बंद करायला लावली, मग इंजिन. भाचा मला काहीतरी सांगत होता, तर त्याने ओठावर बोट ठेवलं.

मग तो ऐकत बसला. आम्हीही. कुठेतरी वर खर्रर्र झालं, वाळू ओतल्यासारखं, आणि दोन-तीन टक टक. मुठीएवढा दगड रस्ता ओलांडून खाली गेला. शिट्टीवाला हलला नाही. आणखी थोडा वेळ गेला. मग हात वर केला. जा. सायकलवाले आधी.

नाल्यात सायकली हातात धरून उतरलो, पलीकडे चढून बसलो. पुढे उतार होता, पाय मारायची गरजच नव्हती. पण माझ्या पुढे भाचा सारखे पाय मारत होता. एकदा जरासा थांबला तर हब गुणगुणला, तसा दचकून परत मारायला लागला, हलकेच, अगदी त्या टापूच्या शेवटापर्यंत.