दोन दिवसांची एटीव्ही ट्रिप आणि एक जळका प्लग

ट्रिपचा वृत्तांत लिहायला बसलोय खरा, पण ट्रिप कमी आणि एका प्लगचीच (स्पार्क प्लग नव्हे, वायरी जोडणारा प्लग) गोष्ट जास्त होणारे, आधीच सांगून ठेवतो.

तीन एटीव्ही (चिखल-जंगलात चालणाऱ्या चारचाकी, हँडलवाल्या गाड्या), दोन दिवस, जंगल-चिखल-ओढे असा ट्रॅक. माझ्या एटीव्हीला महिन्याभरापूर्वीच नवी बॅटरी टाकलेली, कारण जुनी सारखी झोपायची, त्यामुळे मी निवांत. सकाळी निघताना डिस्प्लेवर १२.९ व्होल्ट दिसत होतं आणि लाइट बार लावला की १२.२. तिथेच पाल चुकचुकायला हवी होती. नाही चुकचुकली.

पहिले दोन ओढे मस्त पार झाले. तिसऱ्याच्या पलीकडच्या चिखलात मात्र गाडी पार फूटरेस्टपर्यंत रुतली. मग विंच (गाडीवरची, बॅटरीवर चालणारी दोर ओढायची चरखी) काढली, झाडाला पट्टा बांधला आणि इंजिन आयडलवर (रेस न देता) ठेवून चार-पाच वेळा ओढली, निघाली एकदाची. दहा मिनिटांनी स्टेअरिंग अचानक जड झालं आणि पॉवर स्टेअरिंगचा दिवा लागला, मी म्हणलं चिखल अडकला असेल कुठेतरी. पुढे फोटोसाठी थांबलो, गाडी बंद केली, परत बटण दाबलं तर नुसतं टक-टक-टक-टक. आता या बेल्टवाल्या (स्कूटरसारख्या ऑटोमॅटिक) गाड्या धक्का मारून चालू होत नाहीत, त्यामुळे ढकला-ढकला म्हणणाऱ्यांना आधी गप्प केलं. मित्राच्या गाडीवरून जंप दिला, म्हणजे त्याच्या बॅटरीला केबल जोडून माझी चालू केली: दोन्ही गाड्या बंद, आधी प्लसला प्लस, मग त्याच्या मायनसवरची काळी क्लिप माझ्या चॅसिसच्या स्वच्छ बोल्टला. चालू झाली. लाइट बार बंद ठेवून कसंबसं मुक्कामाला पोचलो.

रात्री मी बॅटरीलाच शिव्या घालत बसलेलो, तर मित्र म्हणाला, "अरे नवी आहे म्हणतोस, पण तिला खायला कोण घालतंय ते बघ ना आधी."

मग मल्टिमीटर (व्होल्ट वगैरे मोजायचं मीटर) काढला. गाडी बंद असताना बॅटरी ११.९, म्हणजे जवळजवळ रिकामीच (पूर्ण भरलेली असेल तर निवांत पडल्यावर १२.६ ते १२.८ दाखवते). त्यामुळे पुढच्या तपासणीपुरती मित्राची बॅटरी माझ्या गाडीला लावली. चालू करून ३००० आरपीएमच्या आसपास धरली तर १२.३. हा आकडा १४ च्या आसपास, १३.८ ते १४.५ यायला पाहिजे. आला नाही म्हणजे बॅटरीचा दोष नाही, चार्जिंगच होत नाहीये. आणि उलट १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर (व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) गेला समजा, तशीच चालवत राहिलात तर बॅटरी शिजते.

चार्जिंगचा मार्ग तसा सोपाय. इंजिनात स्टेटर (वीज बनवणारी तारांची गुंडाळी) असतो, तो एसी वीज बनवतो, ती तीन वायरींतून (बहुतेक पिवळ्या) बाहेर येते आणि रेग्युलेटर तिची डीसी करून बॅटरीला देतो. त्या तीन वायरींचा प्लग गाडी बंद करून काढला, परत चालू केली, मीटर एसीवर ठेवून दोन-दोन वायरींत मोजलं. तिन्ही जोड्यांत आकडा सारखा आणि रेस दिली की सारखाच वर जातोय, म्हणजे स्टेटर ठीक. (रेस देताना हात लांब ठेवा, तिथे ५० च्या वर व्होल्ट सहज येतात.) एखाद्या जोडीत कमी आला किंवा गाडी बंद असताना कुठल्याही पिवळ्या वायरीपासून बॉडीला कंटिन्युइटी वाजली (म्हणजे आतून जोड आहे असा मीटरने बीप दिला) तर मात्र स्टेटर गेला.

आता हातात तो प्लग. हेडलॅम्प जवळ नेला तर तीन भोकांपैकी एकाभोवतीचं पांढरं प्लास्टिक बिस्किटासारखं तपकिरी, थोडं वितळून बसलेलं, आणि आतली पत्ती काळी ठिक्कर. नखाने ढकलली तर लुळी हलत होती. पाणी-चिखल जाऊन पत्ती गंजते, सैल होते, मग गरम होते, गरम झाली की अजून सैल. बाहेरून प्लग एकदम ठाकठीक दिसतो हो, काढल्याशिवाय कळतच नाही.

प्लग सरळ कापून टाकला. सहाही टोकं चकचकीत होईपर्यंत सोलली, क्रिम्प करून (धातूच्या नळीत घालून दाबून) जोडली, वरून टेप. तिन्ही पिवळ्यांपैकी कुठली कुठल्याला जोडायची म्हणून डोकं लावू नका, काही फरक पडत नाही. चालू केली, रेस दिली, १४.२! दोघं येड्यासारखे ओरडलो. मग आपापल्या बॅटऱ्या परत लावल्या, माझ्या गाडीला पुन्हा जंप दिला आणि अर्धा तास तशीच चालू ठेवली. दुसऱ्या दिवशी अख्खा ट्रॅक आरामात झाला.

आता जे जाणारेत त्यांच्यासाठी. विंच लोडखाली शंभराच्या वर अँपिअर खेचते, स्टेटर देतो साधारण तीस-चाळीस, तेही रेसवर. त्यामुळे विंच वापरताना न्यूट्रलमध्ये रेस धरा, थोडं ओढा, थांबा, परत ओढा. मी केलं तसं आयडलवर नको. निघायच्या आधी घरीच तो प्लग एकदा उघडून बघा, बॅटरीची मायनस वायर चॅसिसला जिथे बसते तो बोल्ट काढून घासा, आणि रेग्युलेटरच्या पंखांत चिखल वाळला असेल तर धुवा, तो हवेवरच थंड होतो. सामानात स्वस्तातला का होईना पण मल्टिमीटर, जंपर केबल, जादा फ्यूज, क्रिम्प आणि टेप. एवढं एका डब्यात मावतं. गाडी उभी राहून राहून बॅटरी उतरत असेल तर प्रकार वेगळा, तेव्हा आधी नंतर लावलेल्या ॲक्सेसरीज थेट बॅटरीवर जोडल्यात का ते बघा.

घरी आल्यावर ते तिन्ही जोड सोल्डर केले, वरून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). आणि जी जुनी बॅटरी मी मेली म्हणून कोपऱ्यात टाकली होती ती सहज चार्जरला लावली, रात्रभर ठेवून सकाळी मोजली तर १२.७. आता स्पेअर म्हणून तीच ठेवलीय.