निळ्या रंगावरचा जुना थर

इजिप्तमधल्या लक्सरला, नाईलच्या पश्चिम काठावर, शेख अब्द अल-कुर्नाच्या टेकडीत, अठराव्या राजवंशातल्या अधिकाऱ्यांची थडगी आहेत. त्यातल्या एका थडग्यात अर्पणवस्तूंच्या चित्रातला निळा रंग पोपडे धरून उभा राहिला होता. आटलेल्या तळ्यातला चिखल उन्हात जसा कडा वर वळवतो, तसा. फक्त इथला पोपडा नखाएवढा आणि कागदाहून पातळ.

सकाळी दिवे मालवून ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च आडवा धरला. सगळ्या पट्ट्यावर निळसर पांढरी चमक आली. कुंचल्याचे फटकारे आणि खाली ओघळलेले थेंबही दिसले. खाली पडलेल्या एका कणाच्या अवरक्त तपासणीतून पॉलिव्हिनाइल ॲसिटेट हा कृत्रिम गोंद निघालाच होता. कुणीतरी काही दशकांपूर्वी रंग झडू नये म्हणून तो दाट फासला होता.

तो का बिघडला, हे समजल्याशिवाय हात लावता येत नाही. हे बहुवारिक (पॉलिमर) साधारण ३० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, आणि या थडग्यांतले तापमान त्याच्या आसपास जाते. मऊ झाले की धूळ नुसती वर बसत नाही, आत रुतते. शिवाय दाट द्रावण भिंतीत मुरत नाही. वरच साय धरते, सुकताना आक्रसते आणि खालचा रंग ओढून घेते. मागून चुनखडीतले मीठ येतेच. आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो तोच प्रकार, पण इथे स्फटिकांना बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ते सायीखाली वाढतात आणि पोपडा पुढे ढकलतात.

पहिली चाचणी फसली. काडीवरचा कापूस ॲसिटोनमध्ये बुडवून, निथळवून, एका सेंटिमीटरवर फिरवला. कापूस आधी तपकिरी झाला, मग निळा. तिथेच थांबलो. ॲसिटोनने रंग विरघळला नव्हता. या चित्रांतला रंग बाभळीच्या डिंकात कालवलेला असतो आणि डिंक ॲसिटोनमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. इजिप्शियन निळा हा काचेसारखा भाजून दळलेला रंग. बारीक दळला तर फिका पडतो, म्हणून तो जाडसरच ठेवत, आणि जाड कणांना डिंक कमी पडतो. साय निघाली तशी ते कण धरणारे काही उरले नाही. रंग उचकटणारा थरच त्याला धरूनही होता.

मग आधी नव्या गोंदाने पोपडे चिकटवायचे आणि नंतर साय काढायची? त्यातही अडचण होती. पॅरालॉइड बी-७२ हे नेहमीच्या वापरातले ॲक्रिलिक बहुवारिकही ॲसिटोनमध्ये विरघळते. साय काढताना तेही सुटणार. पाण्यातले गोंद वापरावे तर पाण्याने डिंक सुटतो आणि मीठ जागे होते. म्हणून जुन्या बहुवारिकालाच कामाला लावायचे ठरले.

तीन-चार सेंटिमीटरचा जपानी कागदाचा, म्हणजे पातळ पण चिवट कागदाचा, तुकडा पोपड्यावर ठेवला. ॲसिटोन आणि इथेनॉल समभाग घेऊन मऊ कुंचल्याने कागदातून सोडले, आणि वाफ कोंडावी म्हणून वर पॉलिस्टर फिल्म टाकली. नुसते ॲसिटोन लक्सरच्या कोरड्या हवेत क्षणात उडते. अल्कोहोलमुळे दोन-तीन मिनिटे मिळतात. तेवढ्यात साय सैल पडते, कडा खाली येते आणि विरघळलेले बहुवारिक खालच्या जिप्समच्या थरात उतरते. मग सिलिकॉन लावलेल्या फिल्मवरून कापसाच्या गादीने दाबायचे, सरळ खाली. जरा तिरका जोर पडला तर मऊ पोपडा सरकतो, आणि सरकलेला पोपडा परत जागेवर बसत नाही. दिवसभरात तळहाताएवढा भाग झाला.

वर उरलेली साय तीन दिवसांनी काढली. पुन्हा जपानी कागद, त्यावर जेमतेम ओला कापूस घासायचा नाही, लाटायचा. चार-पाच सेकंद, की नवा कापूस.

पॅरालॉइड सगळ्यात शेवटी आणि फक्त भुकटी सुटणाऱ्या जागांवर. त्याचा मऊ पडण्याचा बिंदू ४० अंशांजवळ आहे, म्हणून इथे ते टिकते. गोळ्या थेट बाटलीत टाकल्या तर तळाशी चिकट गोळा होतो. गाळण्याच्या कापडात बांधून रात्रभर विद्रावकात, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवात, लोंबत ठेवाव्या. १०० मिलीला ३ ग्रॅम, त्याहून दाट नाही. विद्रावकात ॲसिटोन कमी आणि सावकाश उडणारे १-मिथॉक्सी-२-प्रोपेनॉल जास्त, कारण विद्रावक झटकन उडाले तर बहुवारिकाला परत पृष्ठभागावर घेऊन येते. टोल्युइनने हे काम छान होते, पण एकच दार असलेल्या थडग्यात त्याची वाफ माणसांसाठी वाईट. आहे त्या विद्रावकांसाठीही हवा खेचणारी नळी आणि कार्बनचे मुखवटे लागलेच.

पांढऱ्या पार्श्वभूमीवर पॅरालॉइडचा थेंबही पडू दिला नाही. जिप्समचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळवतो त्याचे माप, सुमारे १.५२, पॅरालॉइडचा १.४८ ते १.४९. दोन्ही इतके जवळ की कणांमधली हवा भरली गेली तर पांढरा रंग ओल्या कागदासारखा करडा आणि पारदर्शक दिसू लागतो.

राणी नेफर्तारीच्या थडग्यात १९८७ साली पाओलो आणि लॉरा मोरा या इटालियन चित्रसंवर्धकांच्या पथकाने सुटे भाग आधी जपानी कागदाच्या पट्ट्यांनी धरून ठेवले होते. घाईने गोंद फासण्यापेक्षा तो धीर शिकण्यासारखा आहे. अजिंठ्यात १९२०च्या दशकात इटालियन तज्ज्ञांनी चढवलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला आणि चित्रे झाकोळली. तो उतरवण्याचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना कुर्नातली ही साय ओळखीची वाटेल.

कमळाच्या देठाजवळ तीन सेंटिमीटरची एक जागा तशीच ठेवली. तिथे सायीखालचे जिप्सम पिठासारखे झाले होते आणि दाबायला काही घट्ट उरलेच नव्हते. आराखड्यावर ती लाल रेषेने आखली, आडव्या उजेडात फोटो काढला आणि जुना थर तिथे राहू दिला.