उधारीचा हाऊसफुल्ल

दिवाळीत नवं नाटक काढायचं आणि नोव्हेंबरचे शनिवार-रविवार गाठायचे, हा आमच्या निर्मात्यांचा जुना हिशोब. २०१६ साली नाटक चांगलं उचललंही होतं. शनिवार, १२ नोव्हेंबरच्या प्रयोगाचा प्लॅन (खुर्च्यांचा तक्ता) बुधवारी, ९ तारखेला तिकीटविक्रीला उघडायचा होता आणि आदल्या रात्री आठला पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्याचं जाहीर झालं. बुधवारी बँका बंद, एटीएमही बंद.

सकाळी दादरला शिवाजी मंदिरच्या खिडकीवर माणसं आली ती पाचशेच्या नोटा घेऊनच. पेट्रोल पंपावर, रेल्वेच्या खिडकीवर ती नोट अजून चालत होती. आमच्या खिडकीवर नाही. ऑनलाइन बुकिंग होतं, पण आमचा प्रेक्षक पन्नाशीपुढचा. त्याला प्लॅनवर बोट ठेवून ‘ही कडेची द्या, गुडघे दुखतात’ असं सांगूनच तिकीट काढायचं असतं. मी दादांना फोन लावला (निर्मात्यांना आम्ही सगळे दादाच म्हणतो) आणि म्हटलं, प्रयोग रद्द करू या, भाड्याचं काय ते बघू.

“जुनी नोट घेऊ नकोस. नाव-नंबर लिहून घे आणि तिकीट देऊन टाक. पैसे शनिवारी आणतील.”

“दादा, उधारीवर नाटक?”

“मग काय झालं? आपणही उधारीवरच काढलंय की!”

ते खरंच होतं. एकांकिका स्पर्धांत स्पॉट लावत हा माणूस धंद्यात आला. पुढे दौऱ्यांची व्यवस्था बघितली, मग स्वतःचं बॅनर. पहिली दोन नाटकं पडली, तिसरं तुफान चाललं आणि त्या पैशात त्यांनी सिनेमा काढला. नाटक पडतंय हे दोन-चार रविवारांत समजतं. जाहिरात छोटी करता येते, प्रयोग थांबवता येतात. सिनेमात पैसा आधी सगळा जातो आणि कळतं शुक्रवारी. दादांच्या सिनेमाला दुसऱ्या आठवड्यात खेळच मिळेनात. सरकारी अनुदान आलं तोवर राहतं घर गेलेलं. पण त्या काळातही नाइटची, म्हणजे त्या प्रयोगाच्या मानधनाची, पाकिटं मध्यंतरात मेकअप रूममध्ये पोचायची. निर्माता कसा आहे हे आमच्याकडे पाकिटावरून ठरतं, पोस्टरवरून नाही.

शनिवारी बरेचजण पैसे घेऊन आले. डब्याडुब्यांतून काढलेल्या, घड्या पडलेल्या शंभर-पन्नासच्या नोटा. एका आजींनी दहाच्या नाण्यांची पुरचुंडी खिडकीत ठेवली. आमचा क्लार्क ती मोजतोय तोवर पहिली घंटा झाली. कुणी कोरी गुलाबी दोन हजारची पुढे केली की मी कॅन्टीनकडे पळायचो. वडा-चहाच्या गल्ल्यामुळे सुट्ट्यांचा खरा सावकार त्या दिवशी कॅन्टीनवालाच. काही नावं मात्र वहीतच राहिली. दादांचा डाव लागला एवढंच मी म्हणेन. परगावी, नव्या प्रेक्षकासमोर मी तो आजही खेळणार नाही.

मध्यंतरात दादांनी क्रम उलटा लावला. एरवी पाकिटं मोठ्या नावांपासून निघतात. त्या दिवशी रोख आधी पडद्यामागे: सेट लावणारी पोरं, लाइटवाला, कपडेपट, मेकअपदादा. कलाकारांना चेक. आमच्या नायकाने चेक उजेडात धरून पाहिला.

“दादा, वटेल ना हो?”

“तू दुसरा अंक नीट कर, वटेल.”

मेकअप रूममध्ये हशा पिकला. मी हसलो नाही, कारण खात्यात काय शिल्लक आहे ते मला माहीत होतं.

रविवारी पुण्याला बालगंधर्वला प्रयोग. रात्रीच सेट उतरवून टेम्पो निघाला. त्या दिवसांत टोल माफ होता, त्यामुळे टोलसाठी दिलेल्या शंभराच्या नोटा ड्रायव्हरने सकाळी तशाच माझ्याकडे परत केल्या. दादांनी त्या माझ्या हातातून घेतल्या आणि मेकअपदादांना देऊन टाकल्या. आदल्या दिवशी त्यांचेच थोडे द्यायचे राहिले होते.